16 वर्षांच्या मुलाला बायपोलर आहे, ढोल पथकात जाऊ द्यायचं का?

इंदिरानगरची_आई

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, मोठं होईल पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

माझा मुलगा 16 चा. यंदा दहावी झाली, अकरावी सायन्सला ॲडमिशन झालीये. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी बायपोलर सांगितलं, म्हणजे मन कधी खूप खाली जातं तर कधी भलतंच वर चढतं तो आजार. सध्या मूड ताब्यात ठेवायला लिथियमच्या गोळ्या चालू आहेत आणि रात्री झोपताना क्वेटियापिनची गोळी. आता जुलै संपत आलाय आणि गेले दीड दोन महिने पोरगा बऱ्यापैकी ताळ्यावर आहे, जेवतो, कॉलेजला जातो, बहिणीशी भांडतो.

सुरुवात मागच्या दिवाळीनंतर झाली. एकदम गप्प झाला, दुपारी दोन दोन वाजेपर्यंत पडून, आंघोळीला ढकलावं लागायचं, क्लास बुडायला लागला. आम्हाला वाटलं दहावीचं टेन्शन. एका डॉक्टरांना दाखवलं त्यांनी डिप्रेशनची गोळी दिली. घरात आधी कोणाला असं काही होतं का ते त्यांनी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. ह्यांचे धाकटे भाऊ तरुणपणी दोनदा घर सोडून गेले होते, महिना महिना झोपायचे नाहीत, पण आमच्या घरात त्याला "तो जरा सणकी आहे" एवढंच म्हणायची पद्धत होती, आजार म्हणून कोणी बघितलंच नाही.

पेपर कसेबसे दिले आणि पेपर संपल्यावर पोरगा असा काही खुलला की आम्ही सगळे खुश, मी तर देवापुढे साखर ठेवली. रंगपंचमीला मित्रांबरोबर जुन्या नाशकात रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात, उड्या मारायला गेला, रात्री आला तो झोपलाच नाही. दुसऱ्या रात्री पण नाही. तिसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला स्वयंपाकघरातून आवाज आला म्हणून उठले तर सगळे डबे, पातेली, ताटं खाली काढून मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीत मांडलेली, तूरडाळ साखर रवा सगळं परातींमध्ये ओतलेलं आणि हा मधोमध मांडी घालून बसलेला. म्हणाला "आई बस इथे, मला सगळं कळलंय, घर कसं चालवायचं ते मी दाखवतो." बोलणं इतकं भरभर की शब्दावर शब्द पडत होते, डोळे नुसते चमकत होते. मी बसले त्याच्यासमोर आणि उजाडेपर्यंत डाळ परत डब्यात भरत राहिले, दुसरं काय करायचं तेच कळेना.

सकाळी कळलं की ह्यांच्या मोबाईलवरून पिंपळगावच्या एका दुकानदाराला द्राक्षाच्या 200 क्रेटची ऑर्डर देऊन 15 हजार ॲडव्हान्स पाठवलाय, म्हणे दुबईला एक्स्पोर्ट करायचंय. आमच्याकडे द्राक्षाचा एक वेल पण नाही. ह्यांनी रागाच्या भरात हात उचलला, त्याने काचेचं दार फोडलं, शेजारचे दोघं आले तेव्हा आवरला. अकरा दिवस ॲडमिट होता. त्या एका थपडेसाठी हे अजून रात्री उठून बसतात.

आता प्रश्न. हा मागच्या वर्षी ढोल पथकात होता आणि ह्या वर्षीही जायचंय. प्रॅक्टिस सुरू झालीये, गंगापूर रोडला एका लॉन्सच्या मागे, संध्याकाळी साडेसात ते दहा आणि गणपती जवळ आले की अकरा साडेअकरा. डॉक्टर म्हणाले झोप सांभाळून बघा, पुढची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी आहे. हे म्हणतात अजिबात नाही. मी नाही म्हटलं तर तो म्हणतो "मला कायमचं पेशंट करून ठेवायचंय का तुम्हाला". मला उत्तर देता येत नाही.

दुसरं, तो म्हणतो मी बरा झालोय मग गोळ्या कशाला. सासूबाई त्याला वणीला गडावर घेऊन गेल्या होत्या, त्याला माझी काही हरकत नाही, मी पण हात जोडते, पण येताना त्याला म्हणाल्या आता देवीने बघून घेतलंय, एवढ्या गोळ्या नको घेऊस.

आणि तिसरं म्हणजे मला आता काहीच ओळखता येत नाही. तो मोठ्याने हसला तरी छातीत धस्स होतं. दार आपटलं तर वाटतं सुरू झालं. ह्या वयाची पोरं दारं आपटतातच ना? कोणत्या गोष्टीला घाबरायचं आणि कोणत्या सोडून द्यायच्या, कोणी सांगेल का.

सिडकोचा_बाप

ताई, तुमचं डाळ भरण्याचं वाचून बायकोला हाक मारली आणि तिलाही वाचायला दिलं. आमची मुलगी आता 21 ची आहे, 15 व्या वर्षी निदान झालं, तेव्हा तुम्ही जिथे आहात तिथे आम्ही होतो.

तिसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो कारण त्यातच पहिल्याचं उत्तर आहे. हसणं, दार आपटणं, उलट बोलणं यावर पाळत ठेवायची नाही, ठेवलीत तर तुम्हीपण आजारी पडाल आणि पोरगा लपवायला शिकेल. पाळत ठेवायची ती झोपेवर. आणि नुसती झोप कमी झाली का हे नाही बघायचं. परीक्षेसाठी जागलेला पोरगा दुसऱ्या दिवशी पेंगतो, चिडचिड करतो, दुपारी आडवा होतो. मॅनिया, म्हणजे तुम्ही रंगपंचमीनंतर बघितलंत ते भलतंच वर जाणं, तो चढायला लागलेला पोरगा तीन तास झोपून उठतो आणि ताजातवाना असतो, त्याला झोप लागतच नाही असं नाही, त्याला ती नकोच असते. कमी झोप आणि तरी थकवा नाही, हे सलग दोन रात्री दिसलं की आम्ही डॉक्टरांना फोन करतो, अपॉइंटमेंटची वाट बघत नाही. आमच्या मुलीचे दोन एपिसोड असे सुरुवातीलाच धरता आले, गोळीचा डोस बदलला, ॲडमिट करायची वेळ आली नाही.

आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय लावलेलं असतं, त्याच्या चौकटीत ती स्वतः रोज सकाळी किती तास झोपली तो आकडा लिहिते. फक्त आकडा. आम्ही विचारत नाही, तीच लिहिते. सहाच्या खाली गेलं की लाल पेन. सहा वर्षांची कॅलेंडरं ठेवलीयेत आम्ही, दर वेळी डॉक्टरांकडे नेतो, ते आधी तीच मागतात. तुमच्या मुलालाही हे त्याच्याच हाताने करू द्या.

आता पथकाचं. ढोल वाजवण्यात वाईट काही नाही उलट मला तर वाटतं अंगमेहनत, मित्र, ताल हे सगळं त्याच्यासाठी औषधच आहे. अडचण दोनच. एक वेळ, दहा साडेदहाला घरी यायचं मग जेवण मग अंगातली धुंदी उतरायला अजून दोन तास, म्हणजे झोपायला एक. आणि दुसरी अडचण कोणी सांगत नाही ती म्हणजे लिथियम आणि घाम. ढोल कमरेला बांधून दोन तास वाजवलं की शर्ट पिळून काढावा लागतो. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की किडनी लिथियम धरून ठेवते आणि रक्तातली लेव्हल वर जाते.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. आमची मुलगी 17 ची असताना हरतालिकेला तिने आईबरोबर निर्जळी उपास धरला, आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नाही. त्यात डोकं दुखायला लागलं म्हणून मेडिकलमधून साधी अंगदुखीची गोळी आणून घेतली, ती आयबुप्रोफेनची निघाली, आणि आयबुप्रोफेन डायक्लोफिनॅक ह्या जातीच्या गोळ्यांनी पण लिथियम वाढतं. दुसऱ्या दिवशी गणपती बसवताना तिच्या हातात पूजेचं ताम्हण होतं ते थडथड वाजायला लागलं. आम्हाला वाटलं अशक्तपणा. संध्याकाळपर्यंत उलट्या, जुलाब, चालताना झोक जायला लागला, बोलणं जड झालं. दवाखान्यात नेलं तर लेव्हल 1.9. सलाईन लावून दोन दिवस ठेवलं, नशीब चांगलं म्हणून सगळं निभावलं. तेव्हापासून तिचा कोणताच उपास निर्जळी नाही, आणि दुखलं तर आधी डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल, बाकी काही नाही.

म्हणून पथकात पाठवणार असाल तर डॉक्टरांना नुसतं "पथकात जाऊ का" असं विचारू नका, "दोन तास भरपूर घाम येणार आहे, लेव्हल कधी तपासू" असं विचारा. तीन आठवडे थांबू नका, फोन करा.

अजून एक, तुमच्या ह्यांच्यासाठी. दादा, मीही मुलीवर ओरडलोय, तिला खोलीत कोंडलंय, तासन्‌तास वाद घातलाय की तू म्हणतेस ते शक्य नाही. मॅनियात असलेल्या माणसाला वादाने पटत नसतं, वादाने तो अजून पेटतो. आवाज खाली, वाक्यं छोटी, टीव्ही बंद, घरातली माणसं कमी, पैशाचे ॲप आणि गाडीच्या किल्ल्या शांतपणे बाजूला, आणि डॉक्टरांना फोन. हे मला दोन वर्षांनी कळलं. मुलगी बरी झाल्यावर मी तिची माफी मागितली. तुम्ही पण मागा, तो नाही म्हणाला तरी मागा.

अभंग_77

माझ्या ओळखीत एकाने सगळ्या इंग्रजी गोळ्या बंद करून फक्त प्राणायाम आणि काढ्यावर स्वतःला बरं केलं. एवढ्या लहान वयात लिथियम म्हणजे किडनी गेलीच समजा. सासूबाईंचं म्हणणं अगदीच चूक नाही.

सिस्टर_पंचवटी

अभंग दादा, तुमचा हेतू चांगला असेल पण हे एका आईने वाचून अमलात आणलं तर काय होतं ते मी बघितलंय. मी सायकॅट्री वॉर्डमध्ये नऊ वर्षं नर्स होते. आमच्याकडे परत परत येणाऱ्या पेशंटमध्ये सगळ्यात जास्त असायचे ते "बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या" वाले. लिथियम एकदम बंद केलं तर पुढच्या काही महिन्यांत मॅनिया उलटून यायची शक्यता खूप असते, आणि गोळी कमी करायचीच झाली तर ती डॉक्टर हळूहळू उतरवतात. प्राणायाम करा, गडावर जा, मी स्वतः पायऱ्या चढून जाते. गोळीच्या जोडीला करा, गोळीच्या जागी नको. काढा, चूर्ण काहीही चालू करायच्या आधी डॉक्टरांना दाखवा.

किडनीची भीती खरी आहे म्हणूनच तर तपासण्या असतात. लिथियमचा मॅनियावर उपयोग होतो हे 1949 मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरांनी दाखवलं, म्हणजे पाऊणशे वर्षं झाली, ह्या गोळीचं चांगलं वाईट दोन्ही डॉक्टरांना पाठ आहे. लिथियमची लेव्हल, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि थायरॉइड साधारण दर सहा महिन्यांनी, सुरुवातीला आणि डोस बदलला की लवकर. रोजच्या डोससाठी लेव्हल बहुतेक डॉक्टर 0.6 ते 1.0 च्या मध्ये ठेवतात.

ताई, लेव्हलचं रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी द्यायचं असतं. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला रक्त, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. कितीतरी लोक सकाळची गोळी घेऊन लॅबमध्ये जातात, रिपोर्ट उगाच जास्त येतो आणि मग सगळे घाबरतात. लॅबवाल्याला स्वतःहून वेळ सांगा, तो विचारेलच असं नाही.

पाणी, मीठ याबद्दल सिडकोच्या दादांनी लिहिलंय ते सोन्यासारखं आहे. उन्हाळा, ताप, जुलाब, उपास, ढोल, या सगळ्यात पाणी वाढवायचं आणि मीठ एकदम बंद करायचं नाही. जुलाब उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, पुढची गोळी घ्यायची का ते त्यांना विचारून.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत ते लिहिते, वाचवत नसेल तरी वाचा. ह्या आजारात मॅनियाचीच भीती सगळ्यांना असते कारण तो दिसतो, शेजारी जमतात. पण जीव जातो तो बहुतेक वेळा खालच्या काळात, गप्प पडून राहण्याच्या काळात, किंवा दोन्ही एकत्र झाल्यावर, म्हणजे मन खाली आणि अंगात मात्र अस्वस्थ जोर. दिवाळीनंतर होता तसा तो परत झाला तर त्याला सरळ विचारा, "मरून जावं असं मनात येतं का?" विचारल्याने डोक्यात भरत नाही, ही फार जुनी गैरसमजूत आहे. विचारल्यावर पोरं रडतात आणि मोकळी होतात, मी किती वेळा बघितलंय. तो हो म्हणाला तर एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना.

लिथियमचा ओव्हरडोस जिवावर बेततो. म्हणून महिनाभराच्या गोळ्या त्याच्या कपाटात नको, तुमच्याकडे कुलपात, त्याला एका दिवसाच्या किंवा फार तर आठवड्याच्या द्या. हे त्याला सांगून करा, लपवून नको.

रात्री बेरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेली मानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर 14416, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. 2022 पासून चालू आहे. तुम्ही स्वतःसाठी पण करू शकता, नुसता पेशंटनेच करायचा असं नाही.

आणि मेडिक्लेम असेल तर पॉलिसी काढून बघा, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलंय की मानसिक आजाराला शरीराच्या आजारासारखाच विमा द्यायचा. एप्रिलचं बिल नाकारलं असेल तर लेखी कारण मागा.

गोदाकाठी

काकू, मी 24 चा आहे, मला 17 व्या वर्षी हेच झालं. तुमच्या मुलाच्या बाजूने लिहितो.

"मी बरा झालोय मग गोळ्या कशाला" हे मी पण म्हणायचो पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण होतं वजन. पाच महिन्यांत 11 किलो वाढलं, रात्री गोळी घेतली की अशी भूक लागायची की मी अंधारात उभं राहून फरसाणाचा अख्खा पुडा संपवायचो. शर्टाची बटणं लागेनात, मित्र नवीन नाव ठेवायला लागले. हात थोडा थरथरायचा म्हणून केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला ब्युरेट धरायची लाज वाटायची. हे मी घरी सांगितलं तर उत्तर यायचं "जीव महत्त्वाचा की वजन". मला कळत होतं जीव महत्त्वाचा आहे पण शाळा कॉलेजात रोज मलाच जायचं होतं ना.

मग मी गोळी जिभेखाली ठेवून गॅलरीत जायचो आणि मोगऱ्याच्या कुंडीत दाबायचो. चार महिन्यांनी आईने माती बदलायला कुंडी उपडी केली तेव्हा तिच्या हातात पांढऱ्या पांढऱ्या गोळ्यांचा चिखल आला. ती ओरडली नाही. कुंडी तशीच ठेवून माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली "काय होतं रे गोळीने, सगळं सांग, मी लिहून घेते." वहीत लिहून घेतलं आणि ती वही घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक गोळी बदलली, दुसरीची वेळ बदलली, थरथर कमी झाली, वजन उतरायला वर्ष लागलं पण उतरलं. तेव्हापासून मी एकदाही गोळी चुकवलेली नाही. तोपर्यंत मध्ये एक मोठा एपिसोड होऊन गेला होता आणि बारावीचं वर्ष गेलं होतं.

त्यामुळे गोळी घे गोळी घे म्हणण्याच्या आधी एकदा विचारा की गोळीने तुला काय त्रास होतो. आणि विचारून झालं की मनावर घ्या.

अजून एक काकू, मित्रांसमोर "गोळी घेतलीस का" असं कधीच नका विचारू. आणि तो चिडला की "आज गोळी राहिली का" हे पण नको. मला खरंच राग येण्यासारखं काही झालेलं असायचं, पण माझ्या प्रत्येक रागाचं बिल आजारावर फाडलं जायचं. मग माणूस खोटं खोटं शांत राहायला शिकतो आणि घरच्यांना खरा मूड कळतच नाही.

आमच्याकडे आता एक कागद आहे. मी ठीक असताना मीच लिहिलाय. त्यात लिहिलंय की मी वर जायला लागलो की आधी काय होतं: झोप कमी, एकाच वेळी पाच सहा जणांना मोठमोठे व्हॉट्सॲप मेसेज, सगळ्यांना उसने पैसे द्यायला निघतो, आणि आईला "आई" न म्हणता नावाने हाक मारतो. यातलं दोन दिसलं की ताईने मला सांगायचं, फक्त ताईने, बाबांनी नाही, कारण ताईचं मी ऐकतो. फोनमधलं पैशाचं ॲप मी स्वतः काढून तिच्याकडे द्यायचं. चढलेल्या अवस्थेत मी कितीही नाही म्हणालो तरी हा कागद खरा मानायचा असं माझ्या सहीने लिहिलंय. तुमचा पोरगा आत्ता ठीक आहे ना, मग हीच वेळ आहे, पथकाच्या बदल्यात म्हणून नाही पण पथकाचं बोलता बोलता हा कागद होईल बघा.

पथकाबद्दल: जाऊ द्या. मी क्रिकेट सोडलं होतं सगळ्यांनी घाबरवलं म्हणून, तेच वर्ष माझं सगळ्यात वाईट गेलं.

कॉलेजरोडची_टीचर

मी ज्युनिअर कॉलेजला शिकवते. एवढंच सांगते की सगळ्या कॉलेजला सांगायची गरज नाही पण क्लास टीचर किंवा प्रिन्सिपल यांपैकी एका माणसाला विश्वासात घ्या आणि डॉक्टरांचं पत्र फाइलला लावा. अटेंडन्स कमी पडली की फेब्रुवारीत पालक धावत येतात आणि तेव्हा आमचे हात बांधलेले असतात. जुलैत पत्र असेल तर आम्हाला बोलता येतं. लिथियम असेल तर वर्गात पाण्याची बाटली आणि बाथरूमला जायची परवानगी हे पण त्या पत्रात लिहून घ्या, साधं वाटतं पण पोरांची त्यावरून फार बोलणी होतात.

मागच्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीला सकाळच्या गोळीने पहिल्या तासाला झापड यायची, मी तिला दोनदा उभं केलं होतं. आईने सांगितल्यावर मला फार वाईट वाटलं. आधी कळलं असतं तर केलं नसतं.

इंदिरानगरची_आई

तुम्हा सगळ्यांना उत्तर द्यायला पाच दिवस लागले कारण घरात बोलणं चालू होतं.

गोदाकाठी, बाळा, तुझं लिहिलेलं मी त्याला वाचायला दिलं. न बोलता वाचलं आणि फोन परत दिला. रात्री जेवताना म्हणाला, "मला पण भूक लागते रात्री." मला माहितीच नव्हतं. मला वाटत होतं बिस्किटं बहीण संपवते. त्याचं वजन सहा किलो वाढलंय, आम्ही ह्याला तब्येत सुधारली म्हणत होतो आणि सासूबाई तर कौतुकाने तूप वाढत होत्या. वही केलीये. पहिल्या पानावर त्याने लिहिलंय: भूक, हात, तोंड कोरडं, सकाळी डोकं जड.

सासूबाईंना मी काही बोलले नाही, तोच बोलला. म्हणाला "आजी, तुझी बीपीची गोळी तू गडावरून आल्यावर बंद केलीस का?" त्या गप्प बसल्या. आता रात्री नऊ वाजता दोघं बरोबर गोळ्या घेतात, एकाच तांब्यातलं पाणी.

सिस्टर, तुम्ही लिहिलंत तसं विचारलं मी त्याला. हात कापत होते माझे. म्हणाला, डिसेंबरमध्ये यायचं मनात, रोज यायचं, आता नाही. मी त्याला जवळ घेतलं, 16 वर्षांच्या पोराला, आणि त्याने घेऊ दिलं. गोळ्या माझ्या कपाटात गेल्यात, तो म्हणाला ठीक आहे.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले जाऊ द्या पण नऊच्या पुढे नाही, आठवड्यातून तीनच दिवस, दोन लिटरची बाटली बरोबर, आणि पहिल्या आठवड्यानंतर लेव्हल. विसर्जनाच्या मिरवणुकीचं नंतर ठरवू म्हणालेत, ते दहा बारा तासांचं आणि रात्रीचं काम आहे. ह्यांना अजून पटलेलं नाही पण काल हे स्वतः त्याला सोडायला गेले, गाडी लावून दीड तास बाहेर बसून राहिले. पथकातल्या एका मोठ्या दादाला पोराने स्वतःच सांगितलंय की मला औषधं चालू आहेत, नऊला निघावं लागतं, त्याने काही विचारलं नाही, म्हणाला मग तुला पुढच्या ओळीत घेतो आधी वाजवून घे.

माफीचं पण झालं. गाडीतच झालं म्हणे, मी नव्हते. घरी आले तेव्हा दोघांचे डोळे लाल होते आणि येताना दोघांनी मिसळ खाल्ली होती, रात्रीची. मी काही बोलले नाही.

एक विचारायचंय गोदाकाठी, कागदावर त्याने तीन गोष्टी लिहिल्यात, झोप, पैसे, आणि भांडी आवरायला घेणं. चौथी सुचत नाहीये. बहीण म्हणते लिही की तू माझ्याशी खूप गोड बोलायला लागतोस. तो म्हणतो ते लक्षण नाही. लिहायचं का?

गोदाकाठी

लिहा काकू, बहिणी बरोबर ओळखतात. माझ्या ताईने ओळखलेलं होतं सगळ्यात आधी, तेव्हा कोणी ऐकलं नव्हतं तिचं. आणि त्याला सांगा मिरवणुकीला पूर्ण नाही जमलं तरी पहिले दोन तास मागा डॉक्टरांकडे, मला एका फायनलला तसंच मिळालं होतं.

इंदिरानगरची_आई

लिहिलं. सोमवारी रक्त द्यायचंय, नऊची गोळी म्हणून सकाळी नऊला. आज कालनिर्णयवर त्याने 8 लिहिलंय.